बूमस्लँगचं उशिरा चढणारं विष

कोकणात किंवा सह्याद्रीच्या पायथ्याशी राहिलेल्या अनेकांनी हरणटोळ पाहिलेला असतो. हिरवागार, दोरीसारखा बारीक, टोकदार तोंडाचा. सर्पमित्र त्याला ‘निमविषारी’ म्हणतात. म्हणजे विष आहे, पण माणसाच्या जिवावर बेतेल इतकं नाही, आणि विषाचे दात वरच्या जबड्यात मागच्या बाजूला आहेत. मांजऱ्या सापही त्याच पंगतीतला. आपल्याकडे हा शब्द चालून जातो. पण तोच मनात धरून आपण आफ्रिकेत गेलो, तर घात होईल. तिथल्या झाडांवर मागच्याच दातांचा एक साप राहतो आणि त्याच्या दंशाने माणसं दगावली आहेत.

त्याचं नाव बूमस्लँग. आफ्रिकान्स भाषेत बूम म्हणजे झाड आणि स्लँग म्हणजे साप. शास्त्रीय नाव डिस्फोलिडस टायपस. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला जिथे झाडंझुडपं आहेत, तिथे बहुतेक ठिकाणी तो सापडतो. लांबी साधारण सव्वा ते दीड मीटर, क्वचित त्याहून जास्त.

तो ओळखायचा कसा, इथेच पहिली चूक होते. रंगावर जाऊ नये. नर बहुधा हिरवे असतात, कधी प्रत्येक खवल्याला काळी कड असते. माद्या बहुतेक तपकिरी किंवा मातकट. पिल्लं करड्या रंगाची, डोळे मात्र पाचूसारखे हिरवे. त्याच प्रदेशात हिरवा मांबाही आहे आणि अगदी निरुपद्रवी असे हिरवे झुडपी सापही आहेत. त्यामुळे ‘हिरवा साप चावला’ एवढ्या वर्णनावरून डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही. डोळा पाहावा. बूमस्लँगचं डोकं आखूड, बोथट आणि त्या मानाने डोळे फारच मोठे. मांब्याचं डोकं लांबट आणि डोळे लहान. शिवाय बूमस्लँगच्या खवल्यांवर मधोमध उभी रेघ उठलेली असते, मांब्याची कातडी गुळगुळीत.

हे मोठे डोळे शोभेचे नाहीत. बूमस्लँग दिवसा शिकार करतो, आणि तीही नजरेच्या भरवशावर. सरडे, विशेषतः शॅमेलिऑन, हे त्याचं आवडतं खाणं. पक्षी, त्यांची पिल्लं आणि अंडीही चालतात. आपल्या सुगरणीचे आफ्रिकेतले भाऊबंद टांगती घरटी विणतात, तर हा त्या घरट्यांतही डोकं घालतो. फांदीवर तो असा थिजून राहतो की त्याची मान म्हणजे एखादी डहाळीच वाटावी. वारा आला की डहाळीसारखा डुलतोही. माणसांना तो दिसत नाही. पक्ष्यांना दिसतो, आणि मग त्या झाडाभोवती बुलबुल आणि इतर लहान पक्षी एकच गिल्ला करतात.

आता दातांकडे येऊ. घोणशीचे सुळे तोंडाच्या पुढच्या भागात असतात, लांब आणि इंजेक्शनच्या सुईसारखे पोकळ. विषाची पिशवी स्नायूंनी दाबली जाते आणि विष जोरात आत जातं. बूमस्लँगकडे अशी सुई नाही. त्याचे विषदात डोळ्याच्या खाली येतात, त्यांना बाहेरून नुसती खाच असते. ग्रंथीतून झिरपलेलं विष त्या खाचेतून ओघळत जखमेत उतरतं. पन्हाळीतून पाणी उतरावं तसं.

यावरून एक समज पक्का झाला. हा साप माणसाला चावूच शकत नाही, चावला तर फक्त करंगळीला, आणि तेही बराच वेळ चघळत बसला तर. हे खरं नाही. बूमस्लँगचा जबडा विलक्षण उघडतो, शिवाय त्याचे दात आपल्याला वाटतात तितके मागे नसतात. हातावर, दंडावर तो सहज चावू शकतो. चघळल्याने विष जास्त जातं हे बरोबर, पण थोडक्यातला दंशही जीवघेणा ठरला आहे. मुळात साप बुजरा आहे. कोंडीत सापडला तर मान फुग्यासारखी फुगवतो, खवल्यांमधली कातडी दिसू लागते. तोच इशारा. चावे बहुतेक करून त्याला हातात धरणाऱ्यांनाच बसतात.

विष रक्तात गेल्यावर जे घडतं ते जरा उलटं आहे, म्हणून सावकाश समजून घेऊ. आपल्याला कापलं की रक्त साकळतं, कारण रक्तात त्याची तयार सामग्री फिरत असते. प्रोथ्रॉम्बिन नावाचं प्रथिन गरज पडली की जागं होतं आणि फायब्रिनोजेन या दुसऱ्या प्रथिनाचे धागे विणायला लावतं. त्या धाग्यांच्या जाळ्यात रक्त अडकलं की गुठळी. बूमस्लँगचं विष ही साखळी विनाकारण चालू करतं. जखम नसतानाही रक्तात ठिकठिकाणी बारीक धागे विणले जातात, शरीर ते विरघळवत राहतं, आणि या खटाटोपात फायब्रिनोजेन संपतं. मग खरोखर रक्त थांबवायची वेळ येते, तेव्हा हाताशी काही उरत नाही.

विष मोजलं तर काही मिलिग्रॅम. एवढ्याने अंगातलं चार-पाच लिटर रक्त कसं बिघडतं? पातेलंभर दुधाला चमचाभर विरजण पुरतं ना, तसं. विषातली द्रव्यं स्वतः खर्ची पडत नाहीत, पुन्हापुन्हा तेच काम करत राहतात. आपल्याकडच्या फुरशाच्या विषातही प्रोथ्रॉम्बिनला असंच चाळवणारं द्रव्य आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या ग्रामीण रुग्णालयांना हा प्रकार अनोळखी नाही. फरक एवढाच की फुरसं किंवा घोणस चावली की दुखतं, सूज येते, माणूस घाबरून दवाखाना गाठतो. बूमस्लँगच्या दंशाची जागा फारशी सुजत नाही. विष हळूहळू भिनतं, आणि साठा रिकामा होईपर्यंत बाहेरून काही कळत नाही. असे कित्येक तास जातात, कधी एक दिवसही. माझ्या मते या सापाची खरी दहशत त्याच्या दातांत नाही, या शांत तासांत आहे.

कार्ल श्मिट यांचं तेच झालं. ते शिकागोच्या फील्ड म्युझियममधले नावाजलेले सर्पतज्ज्ञ. २५ सप्टेंबर १९५७ रोजी लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयाकडून ओळख पटवण्यासाठी एक लहान साप त्यांच्याकडे आला. तो हाताळताना डाव्या अंगठ्याला चावला. साप पिल्लू, आणि एकच विषदात जेमतेम तीन मिलिमीटर रुतलेला. श्मिट यांनी दवाखान्याऐवजी वही काढली. रेल्वेने घरी जाताना मळमळ, मग थंडी वाजून ताप, हिरड्यांतून रक्त, मध्यरात्रीनंतर लघवीत रक्त, हे सगळं त्यांनी वेळेसह लिहून ठेवलं. सकाळी ताप उतरला होता. त्यांनी अंडी आणि टोस्टची न्याहारीही केली. त्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमारास ते गेले. शवविच्छेदनात मेंदू, फुप्फुसं, मूत्रपिंडं, सगळीकडे रक्तस्राव आढळला. सदुसष्ट वर्षांचा जाणता माणूस, आणि त्यालाही सकाळच्या त्या हुशारीने चकवलं.

म्हणून दंशानंतरची पहिली पायरी एकच: त्रास होवो न होवो, रुग्णालय. हालचाल कमी, अंगठी-घड्याळ काढून ठेवायचं. जखमेवर ब्लेड चालवू नये. ज्याचं रक्त थांबायचं बंद होणार आहे त्याला आपणच आणखी एक भोक पाडून कसं चालेल? याच कारणाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नये आणि दंडावर किंवा कमरेत टोचायची इंजेक्शनंही टाळतात.

रुग्णालयात रक्त साकळतं की नाही हे तपासतात. साधी पद्धत आपल्याकडेही वापरतात: थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं, मग नळी कलती करायची. रक्त वाहिलं तर विष चढलं. यातही दोन गफलती होतात. नळी प्लॅस्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली, तर चांगलं रक्तही साकळत नाही. दुसरी गफलत जास्त महागात पडते: पहिली तपासणी ठीक आली म्हणून रुग्णाला घरी पाठवणं. ही तपासणी पुन्हापुन्हा करायची असते, निदान एक दिवस तरी.

इलाज म्हणजे प्रतिविष, ज्याला आपण सर्पदंशाची लस म्हणतो. घोड्याला सापाचं विष थोडंथोडं टोचून त्याच्या रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्यं काढून घेतात. इथे आणखी एक खड्डा आहे. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी आहे. दक्षिण आफ्रिकेत मांबा, तिथले नाग, पफ अ‍ॅडर अशा दहा सापांवर मिळून एक लस बनते. दोन्हींचा बूमस्लँगवर उपयोग नाही. त्याच्यासाठी जोहान्सबर्गला वेगळी लस करतात. एका सापाकडून मिळणारं विष इतकं थोडं की तिचा साठा नेहमीच मोजका असतो. ती येईपर्यंत रक्तद्रव चढवून वेळ काढतात, पण मुक्त विष ते नवं फायब्रिनोजेनही फस्त करतं.

एका बाबतीत मात्र तोच संथपणा रुग्णाच्या बाजूने उभा राहतो. लस मागवायला, विमानाने आणायला सवड मिळते. दंशाला दोन-तीन दिवस उलटल्यावर ती दिली, तरी विष थोपतं, यकृत फायब्रिनोजेन पुन्हा बनवू लागतं, आणि काचेच्या नळीतलं रक्त ती कलती केल्यावरही जागचं हलत नाही.