फाळणीपूर्वीची फाळणी : जर्मन फुटबॉलचा १९४८ चा अंतिम सामना

८ ऑगस्ट १९४८ रोजी कोलोन येथे न्यूर्नबर्गच्या संघाने कैझर्सलाउटर्नचा २–१ असा पराभव करून जर्मनीचे विजेतेपद मिळविले. सुमारे ७५,००० प्रेक्षकांनी पाहिलेला हा सामना म्हणजे १९४४ नंतरच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेची अखेर होय. तथापि ज्या राष्ट्राचे हे विजेतेपद, त्याला त्या दिवशी स्वतःचे शासनच नव्हते. पश्चिमेकडील संघराज्य मे १९४९ मध्ये स्थापन झाले, पूर्वेकडील प्रजासत्ताक त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. तोवर सत्ता होती ती चार विजेत्या राष्ट्रांची व त्यांनी वाटून घेतलेल्या विभागांची.

स्पर्धेची रचनाही या विभागांवरच आधारलेली होती. ब्रिटिश, अमेरिकन व फ्रेंच विभागांतून प्रत्येकी दोन संघ, सोव्हिएत विभागातून एक आणि बर्लिनचा एक, असे आठ संघ निवडण्यात आले. अंतिम सामन्यात अमेरिकन विभागातील न्यूर्नबर्ग व फ्रेंच विभागातील कैझर्सलाउटर्न ब्रिटिश विभागातील कोलोन येथे एकमेकांसमोर आले. तीन विभाग एका मैदानावर एकत्र आले. चौथा मात्र आला नाही, आणि या स्पर्धेचे ऐतिहासिक महत्त्व याच अनुपस्थितीत आहे.

सोव्हिएत विभागाचे विजेतेपद त्स्विकाऊजवळील प्लानिट्झच्या संघाने जुलैच्या आरंभी मिळविले होते. उपांत्यपूर्व फेरीत त्याची गाठ न्यूर्नबर्गशी स्टुटगार्ट येथे पडावयाची होती; परंतु त्या संघास प्रवासाची परवानगी नाकारण्यात आली. जूनच्या २० तारखेस पश्चिम विभागांत नवे चलन सुरू झाले होते आणि २४ तारखेपासून बर्लिनची नाकेबंदी जारी होती. अशा वेळी फुटबॉलचा एक संघ सीमा ओलांडतो की नाही, हा केवळ खेळाचा प्रश्न राहिला नव्हता. न्यूर्नबर्गला पुढे चाल मिळाली. पुढे उपांत्य सामन्यात सेंट पाउलीला जादा वेळेत ३–२ असे हरवून तो अंतिम फेरीत पोचला. म्हणजे देशाचे विजेतेपद त्याने अवघ्या दोन सामन्यांत मिळविले. यात त्याचा दोष नाही, पण नोंदवह्यांतील विजेत्यांच्या यादीत ही गोष्ट दिसत नाही.

बर्लिनचा प्रकार अधिक चमत्कारिक होता. शहराच्या सोव्हिएत भागातील उनियन ओबरश्योनेवाइडे हा संघ संपूर्ण बर्लिनचा प्रतिनिधी म्हणून नाकेबंदीच्या काळातही खेळला व सेंट पाउलीकडून ०–७ असा पराभूत झाला. १९५० मध्ये हाच संघ पुन्हा पात्र ठरला तेव्हा मात्र त्यालाही परवानगी मिळाली नाही. खेळाडू ती न जुमानता पश्चिमेस गेले, कील येथे हॅम्बुर्गशी खेळून पुन्हा ०–७ हरले आणि पश्चिम बर्लिनमध्ये त्यांनी नवा संघ उभारला.

‘जर्मन विजेतेपद’ या संज्ञेची व्याप्ती त्या त्या काळच्या सत्तेनुसार बदलत गेली, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. १९४१ चा विजेता व्हिएन्नाचा रापिड हा संघ होता, कारण ऑस्ट्रिया त्यावेळी जर्मन राज्यात विलीन करण्यात आला होता. १९४४ चा विजेता ड्रेस्डेनचा होता. चारच वर्षांनी त्याच प्रदेशातील संघास स्टुटगार्ट गाठता आले नाही.

जुना विजेताचषक युद्धाच्या अखेरीस पूर्वेकडे राहिल्यामुळे नवी रौप्य थाळी घडविण्यात आली व ती प्रथम १९४९ चा विजेता मानहाइम यास देण्यात आली. तीवर १९०३ पासूनच्या विजेत्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत रापिड आहे, ड्रेस्डेन आहे, १९४८ चे न्यूर्नबर्गही आहे. प्लानिट्झचा वारसा सांगणारा त्स्विकाऊचा संघ १९५० मध्ये विजेता झाला, तो पूर्व जर्मनीच्या स्वतंत्र स्पर्धेचा.