इंधनाचा दाब मोजा, पण जिवाला जपून

गिऱ्हाईक गाडी घेऊन येते आणि सांगते, "चढावर दम टाकते, सकाळी सेल्फ फार वेळ मारावा लागतो." बरेच मिस्त्री लगेच टाकीतला पंप बदलतात. हजारो रुपये खर्च होतात, पण दोष असतो तुंबलेल्या फिल्टरमध्ये किंवा पंपाच्या सैल वायरीत. चार दिवसांनी गाडी पुन्हा दारात उभी! पैसा गिऱ्हाइकाचा जातो आणि नाव आपले जाते.

यावर उपाय म्हणजे दाबाचे गेज. मात्र हे काम जोखमीचे आहे. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पेट्रोलचा दाब चार-पाच पौंडांच्या आसपास असे. नळी काढली तर पेट्रोल नुसते ओघळे. सन २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि इंजेक्शनच्या गाड्या सर्रास आल्या. यांत दर चौरस इंचाला साधारण ४० ते ६० पौंड दाब असतो आणि इंजिन बंद केल्यावरही तो नळीत टिकून राहतो. जुन्या सवयीने जोड सोडला की फवारा थेट डोळ्यांत उडतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरून खड्ड्यात साचते आणि एका ठिणगीने पेट घेते.

आधी दाब उतरवा

गाडी मोकळ्या हवेत उभी करावी व इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. विडी-सिगारेट, वेल्डिंग, ग्राइंडर आणि काचेच्या बल्बचा हँडलॅम्प दूर ठेवावा. पावडरचे अग्निशामक हाताशी असावे; पेटलेल्या पेट्रोलवर पाणी मारू नये. डोळ्यांवर चष्मा हवाच.

पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन चालू करावे. ते आपोआप बंद पडले की आणखी दोन-तीन सेकंद सेल्फ मारावा. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि जोडावर फडके गुंडाळून तो सावकाश सोडावा.

गेज लावताना

काही गाड्यांच्या फ्यूएल रेलवर तपासणीचा व्हॉल्व्ह असतो. तो नसेल तर इंजेक्शनच्या दाबाची नळी व चांगल्या क्लिपा वापरून टी-जोड लावावा. पाण्याची नळी चालणार नाही. सांडलेले पुसून, वाफ उडून गेल्यावरच फ्यूज आणि बॅटरी जोडावी. प्रथम फक्त चावी फिरवावी. पंप साधारण दोन सेकंद चालतो. कुठे गळत नाही याची खात्री करून मगच इंजिन चालू करावे.

काटा काय सांगतो

आकडा नेहमी त्या मॉडेलच्या पुस्तकाशी ताडावा. दाब कमी असेल तर आधी फिल्टर आणि पंपाला मिळणारे व्होल्टेज तपासावे, मग पंपावर यावे. दाब जास्त असेल तर रेग्युलेटर अडकलेला किंवा परतीची नळी दबलेली असू शकते. इंजिन बंद करताच काटा झपाट्याने घसरला, तर इंजेक्टर, रेग्युलेटर किंवा पंपातला व्हॉल्व्ह गळतो आहे. सकाळी सेल्फ लांबण्याचे कारण बहुधा हेच असते. गेज काढतानाही पुन्हा दाब उतरवावाच लागतो.

इथे हात लावू नका

कॉमन रेल डिझेल गाडीच्या रेलमध्ये हजार बारहून अधिक दाब असू शकतो, म्हणजे चौदा हजार पौंडांच्या वर. त्याची बारीक धार कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने इस्पितळ गाठावे लागते. थेट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीची उच्चदाबाची बाजूही अशीच धोक्याची. या दोन्हींचा दाब स्कॅनरवरच वाचावा. सीएनजीच्या नळ्या परवानाधारक कारागिरावर सोपवाव्यात.

साधे गेज मोटारीच्या एका नव्या पंपापेक्षा स्वस्त पडते. गिऱ्हाइकाला काटा दाखवून मगच खर्च सांगा. दोष डोळ्यांनी पाहिलेला माणूस बिलावर घासाघीस कमी करतो, आणि पुढच्या वेळी शेजाऱ्यालाही सोबत आणतो.