चूक उत्तर? थांबा, खोडू नका!

घरात चार वर्षांचं कुणी आहे का? धाकटा भाऊ, मामाची मुलगी, शेजारचं शेंडेफळ, कुणीही चालेल. नसेल तर तासाभरासाठी उसनं आणा. मग दोन अगदी सारखे पेले घ्या, दोन्हींत सारखंच सरबत ओता आणि विचारा, "दोन्हींत सारखं आहे ना?" ते पेल्यांजवळ डोळे नेऊन नीट बघेल आणि "हो" म्हणेल. आता त्याच्यासमोरच एका पेल्यातलं सगळं सरबत एका उंच, अरुंद ग्लासात ओता. "आता कशात जास्त आहे?"

बहुतेक वेळा इवलंसं बोट उंच ग्लासाकडे जातं.

"अरे, तुझ्यासमोरच ओतलं ना?" "हो." "वरून आणखी घातलं का?" "नाही." "मग?" "पण ह्यात जास्त आहे!" सरबत परत जुन्या पेल्यात ओतलं की पुन्हा सारखं. उंच ग्लासात ओतलं की पुन्हा जास्त. तुम्ही ओतून ओतून दमाल, त्याला मात्र यात काहीच विचित्र वाटणार नाही.

हसू येतंय? खुशाल हसा. पण चार वर्षांचे असताना तुम्हीही बहुतेक हेच सांगितलं असतं. तुम्हाला ते आठवत नाही, एवढंच.

हा प्रयोग ज्यांच्यामुळे जगभर पोचला, त्यांचं नाव ज्याँ पियाजे. १८९६ साली स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल या गावी जन्मलेला हा मुलगा भलताच उद्योगी होता. दहा-अकरा वर्षांचा असताना त्याला बागेत पांढऱ्या पिसांची एक चिमणी दिसली. त्याने तिच्यावर छोटंसं टिपण लिहिलं आणि १९०७ मध्ये ते छापूनही आलं! मग त्याला शंखशिंपल्यांचा नाद लागला. त्यातच संशोधन करून त्याने डॉक्टरेट मिळवली आणि तो पॅरिसला गेला.

तिथे एका शाळेत मुलांना बुद्धीच्या चाचण्या देण्याचं काम त्याला मिळालं. प्रश्न विचारायचे, बरोबर उत्तरं मोजायची, गुण द्यायचे. कंटाळवाणं काम! पण पियाजेचं लक्ष गेलं चुकलेल्या उत्तरांकडे. एकाच वयाची मुलं एकाच पद्धतीने चुकत होती. नुसते अंदाज ठोकले असते, तर प्रत्येकाची चूक वेगळी निघाली असती. म्हणजे या चुकांमागे काहीतरी विचार होता. मग तो मुलांशी गप्पाच मारू लागला. "असं का वाटतं तुला?" हा त्याचा आवडता प्रश्न. पुढे जिनिव्हात राहून १९८० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने हेच काम केलं. स्वतःच्या तीन मुलांनाही सोडलं नाही. ती पाळण्यात असल्यापासून तो आणि त्याची बायको व्हॅलेंतीन त्यांच्याबद्दल वह्या भरत होते.

त्यातली एक नोंद मला फार आवडते. थोरली जॅकलीन तेव्हा जेमतेम आठ महिन्यांची होती. दुलईवरचं खेळण्यातलं बदक पकडायला ती धडपडत होती. तेवढ्यात बदक घसरलं आणि चादरीच्या चुणीमागे गेलं, अगदी तिच्या हाताजवळ. जॅकलीनने काय केलं? काहीच नाही. शोधलं नाही की चादर ओढली नाही. दिसेनासं झालं म्हणजे संपलं! आता कळलं ना, तोंडावर ओढणी घेऊन 'बुवाऽऽ कुक्!' केलं की बाळं प्रत्येक वेळी एवढी का खिदळतात? पियाजेच्या मते, लपलेली वस्तू तिथेच असते, हे बाळाला पहिल्या दोन वर्षांत हळूहळू उमगतं.

पियाजेचं सगळंच बरोबर निघालं असं नाही हं. १९८५ मध्ये मानसशास्त्रज्ञ रेने बायार्जों आणि तिच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. पाच महिन्यांच्या बाळाचा हात अजून नीट चालत नाही, मग त्याच्या डोळ्यांनाच का विचारू नये? नवल वाटलं की बाळं टक लावून बघत राहतात. त्यांनी बाळांसमोर एक फळी मागे पडताना दाखवली. फळीच्या मागे एक खोका ठेवला होता, त्यामुळे फळी त्याला अडून थांबायला हवी. पण काही वेळा गुपचूप खोका काढून घेऊन फळी पूर्ण आडवी होऊ दिली, जणू ती खोक्यातून आरपार गेली. हे अशक्य दृश्य बाळांनी जास्त वेळ निरखलं! म्हणजे न दिसणारा खोका त्यांच्या डोक्यात शिल्लक होता. बाळं पियाजेला वाटली त्याहून बरीच चलाख आहेत.

तीन-चार वर्षांच्या मुलांची गंमत आणखी वेगळी. त्यांना ही गोष्ट सांगून बघा. मॅक्सी नावाचा मुलगा निळ्या कपाटात चॉकलेट ठेवतो आणि खेळायला जातो. आई त्यातलं थोडं घेते आणि उरलेलं हिरव्या कपाटात ठेवते. मॅक्सी भुकेला होऊन परत येतो. तो चॉकलेट कुठे शोधेल? तुम्ही म्हणाल, निळ्या कपाटात, त्याला बिचाऱ्याला कुठे माहीत आहे! पण तीन वर्षांचं मूल ठासून सांगतं, "हिरव्या!" जे मला माहीत आहे ते सगळ्यांना माहीत आहे, असा त्याचा हिशेब. ऑस्ट्रियातल्या हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर यांनी १९८३ मध्ये ही गोष्ट मुलांना सांगितली, तेव्हा चार-पाच वर्षांच्या आसपास उत्तर बदलत जातं, असं दिसलं. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हा केवढा मोठा शोध! तो लागला की मूल मस्त थापाही मारू शकतं. आईबाबांना हे फारसं आवडत नाही, पण शोध तो शोध.

याच वयात चंद्र आपल्याबरोबर चालतो असंही वाटतं. एसटीच्या खिडकीतून तुम्हीही त्याला पळताना पाहिलं असेल. जिनिव्हातली मुलंही पियाजेला अगदी हेच सांगत होती.

मग शाळा सुरू होते आणि बाई सांगतात, पृथ्वी गोल आहे. इकडे मैदान तर सपाट दिसतंय! आता काय करायचं? स्टेला वोस्नियादू आणि विल्यम ब्रुअर यांनी अमेरिकेतल्या मुलांना पृथ्वीची चित्रं काढायला लावली, आडवेतिडवे प्रश्न विचारले आणि १९९२ मध्ये त्यावर लेख लिहिला. काही मुलांची पृथ्वी भाकरीसारखी गोल आणि चपटी होती. काहींची आतून पोकळ होती आणि माणसं तिच्या आत सपाट जमिनीवर राहत होती. काहींनी तर दोन पृथ्व्या मानल्या, एक आकाशातली गोल आणि एक आपल्या पायाखालची. नंतर हैदराबादच्या मुलांनाही असंच विचारलं, तेव्हा पाण्यावर टेकलेली पृथ्वी बऱ्याच जणांच्या डोक्यात निघाली. परीक्षेत या सगळ्यांना भोपळा मिळेल. पण मला ही मुलं फार हुशार वाटतात. बाईंचं म्हणणं खोटं पाडायचं नाही आणि स्वतःच्या डोळ्यांनाही खोटं ठरवायचं नाही, हे त्यांनी जमवलं. 'पृथ्वी गोल आहे' एवढं पाठ करून मोकळं होणं त्यापेक्षा कितीतरी सोपं!

आता सरबताकडे जरा शंकेने बघू या. मूल तरी नेहमी त्याला खरं वाटतं तेच सांगतं का? १९७४ मध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांना एक गोष्ट खटकली. सरबतासारखाच एक प्रयोग सोंगट्यांचा आहे. दोन ओळींत सारख्याच सोंगट्या मांडायच्या, मग एक ओळ पसरून लांब करायची. लहान मुलं म्हणतात, लांब ओळीत जास्त. पण या प्रयोगात मोठं माणूस मुद्दाम काहीतरी हलवतं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतं. वर्गात सरांनी "नक्की?" असं दुसऱ्यांदा विचारलं की आपण काय करतो? बरोबर उत्तरसुद्धा बदलून टाकतो! म्हणून त्यांनी एक खोडकर टेडी आणला. टेडी धावत येऊन ओळ विस्कटायचा, जणू त्याची आगाऊगिरीच. आता बरोबर उत्तर देणारी मुलं खूप वाढली.

तरी सात-आठ वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना सरबताचं कोडं सुटतं. "उंच आहे, पण बारीकही आहे ना!" असं ती तुम्हालाच समजावून सांगतात. त्या वयात समोरच्या वस्तूंबद्दल अगदी पक्का विचार करता येतो.

आणि तुमचं काय? अकरा-बाराच्या पुढे डोकं समोर नसलेल्या गोष्टींतही शिरू लागतं. 'समजा असं झालं तर?' हा खेळ तुम्हाला आवडायला लागतो. त्याचा त्रासही होतो. नाकावर पुटकुळी आली की अख्खा वर्ग आपल्याकडेच बघतोय असं वाटतं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये याला काल्पनिक प्रेक्षक म्हटलं. खरं तर वर्गातला प्रत्येक जण स्वतःच्या पुटकुळीच्या चिंतेत असतो. त्यात कपाळामागचा, थांबून विचार करायला लावणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. (हे कारण गृहपाठ न केल्याबद्दल सांगू नका, चालत नाही.)

पण याच डोक्याने काय जमतं, ते पियाजे आणि त्यांची सहकारी बेर्बेल इनहेल्डर यांनी एका लंबकावर तपासलं. दोऱ्याला वजन बांधून झोका द्यायचा. एका झोक्याला लागणारा वेळ कशावर ठरतो? दोऱ्याच्या लांबीवर, वजनावर, किती उंचावरून सोडलं त्यावर, की किती जोराने ढकललं त्यावर? आठ वर्षांची मुलं सगळंच एकदम बदलतात. लांब दोरा आणि जड वजन, मग आखूड दोरा आणि हलकं वजन. मग कशामुळे काय झालं, ते कळणार कसं? थोडी मोठी मुलं एकच गोष्ट बदलतात आणि बाकीच्या तशाच ठेवतात. सांगायला सोपं आहे, करताना हात शिवशिवतात.

दोरा घ्या, एक हलका नट आणि एक जड नट घ्या, खिळ्याला टांगा. दहा झोके मोजा आणि घड्याळ बघा. उत्तर मी इथे लिहिणार नाहीये.