वायेनश्टेफानची पारख-बाग

बव्हेरियातील फ्रायझिंग शहरालगत, जिथे पूर्वी बेनेडिक्टाइन संन्याशांचा मठ होता आणि त्या मठाची मद्यशाळा आजही चालू आहे, त्या वायेनश्टेफानच्या परिसरात सुमारे ५ हेक्टरांची एक बाग आहे. महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीत अन्नवस्त्राचीच विवंचना असताना, १९४७ साली, प्राध्यापक रिशार्ड हान्सेन यांनी ती उभी केली. आणि फुलझाडांच्या नव्या वाणांची नि:पक्षपाती पारख करणे हे तिचे मुख्य प्रयोजन ठरले. अशा काळात असा संकल्प सोडणाऱ्या माणसाच्या निष्ठेला माझा मन:पूर्वक नमस्कार आहे.

फ्लॉक्स, ॲस्टर, डेल्फिनियम यांसारखी बहुवर्षायू झाडे हिवाळ्यात जमिनीबरोबर वाळून जातात आणि वसंतात त्याच मुळांतून पुन्हा फुटतात. म्हणूनच त्यांच्याविषयी एका हंगामात दिलेला निकाल फारसा भरवशाचा नसतो. रोपवाटिकेतल्या पोसलेल्या मातीत, कुंडीत डौलाने फुललेले रोप पाहून गिऱ्हाईक ते घरी नेते, आणि दोन-तीन हिवाळ्यांत ते नाहीसे झाले म्हणजे स्वत:च्या हाताला नाहीतर जमिनीला दोष देते. पॉट्सडामजवळच्या बोर्निम येथे आयुष्यभर नवे वाण निपजवणारे कार्ल फोर्स्टर स्वत: उत्पादक असूनही सार्वजनिक परीक्षेचा आग्रह धरीत, त्यांच्या प्रेरणेने १९४० च्या सुमारास पॉट्सडामच्या एका नदीबेटावर तशी बाग झालीही होती. हान्सेन यांनी हाच विचार शास्त्रीय शिस्तीने पुढे नेला.

परीक्षेची रीत दिसायला साधी, पण धीराची आहे. एकेका वाणाची अनेक रोपे एकाच वाफ्यात, सारख्या अंतरावर लावतात आणि तुलनेसाठी शेजारी जुने, कसाला उतरलेले वाण ठेवतात. पहिल्या वर्षी रोपाची शक्ती मुळे धरण्यातच खर्च होते, म्हणून त्या वर्षाच्या शोभेला फार वजन देत नाहीत. तीन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ नोंदी चालतात. फूल किती मोठे एवढेच पाहायचे नसते. फुलोरा किती दिवस टिकला, वादळी पावसानंतर दांडे आधारावाचून उभे राहिले की लोळले, सुकलेल्या पाकळ्या गळून पडल्या की तपकिरी होऊन तशाच लोंबत राहिल्या, बहर ओसरल्यावर पाने नीट राहिली का, पानांवर भुरी आली का, झुडपाचा मध्य पोकळ पडला का, आणि हिवाळा संपल्यावर किती रोपे जिवंत निघाली, हे सारे तक्त्यात उतरते. माझ्या मते या परीक्षेचा प्राण पाकळ्यांपेक्षा पानांच्या नोंदीत आहे, कारण फूल थोडे आठवडे असते आणि पाने सबंध हंगामभर डोळ्यांसमोर असतात.

एकाच ठिकाणच्या निकालावर मात्र ही मंडळी थांबत नाहीत. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड येथील अनेक बागांत तेच वाण तपासले जातात. वायेनश्टेफानच्या कडक थंडीत तगलेले रोप वाइनहाइमच्या उबदार हवेत कसे वागते, हेही कळावे लागते. मग दर्जा मुकर्रर होतो: उत्कृष्ट, अतिशय चांगला, चांगला; त्याखेरीज हौशी बागवानांपुरता, विशिष्ट प्रदेशापुरता, आणि अखेरीस ‘अनावश्यक’. हा शेवटचा शब्द उघडपणे लिहिण्याचे धैर्य मला फार मोलाचे वाटते. प्रदेशापुरत्या वाणाला निराळा दर्जा देण्यातही न्यायबुद्धी आहे, कारण एखाद्या जमिनीत उणे ठरलेले रोप दुसरीकडे सर्वस्वी योग्य असू शकते. हान्सेन यांनी याच विचाराला व्यापक रूप देऊन वनस्पतींची वृक्षतळ, वृक्षांची कड, मोकळे रान, खडकाळ जागा, मशागतीचा वाफा, पाणकाठ आणि पाणी अशी सात वसतिस्थाने कल्पिली, आणि फ्रीड्रिश श्टाल यांच्यासह लिहिलेल्या १९८१ च्या ग्रंथात ती सविस्तर मांडली.

या कामातील एक भाग बाहेरच्यांच्या क्वचितच लक्षात येतो, तो ओळख पटवण्याचा. फ्लॉक्सचे बी मूळ झुडपाच्या पायाशीच पडून रुजते. त्यातून निघालेले रोप मूळ वाणासारखे असेलच असे नसते, पण दणकट असले तर ते हळूहळू मूळ रोपाला हुसकावून त्याच नावाच्या पाटीखाली नांदू लागते. शिवाय व्यापारात एकाच वाणाला दोन नावे, किंवा एकाच नावाने दोन वाण फिरत असतात. म्हणून वाळलेले तुरे बी धरण्याआधीच छाटायचे, परकी रोपे उपटायची, आणि निरनिराळ्या रोपवाटिकांतून आलेली एकाच नावाची रोपे शेजारी-शेजारी लावून पान, दांडा व रंग ताडून पाहायचे; निकाल नेमका कोणत्या रोपाचा, हे ठरल्यावाचून दर्जाच्या रकान्यात काही लिहिता येत नाही.