तळव्यावरची एक रेघ

रुग्णाला उताणं झोपवून डॉक्टर बोथट टोकाने तळव्याच्या बाहेरच्या कडेवरून रेघ ओढतात: टाचेपासून करंगळीच्या बुडापर्यंत, तिथून अंगठ्याकडे. सावकाश. अंगठा खाली वळला तर ठीक. तो वर उठला, बाकीची बोटं पसरली, तर मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणाऱ्या चेतामार्गात बिघाडाची शंका येते. पक्षाघात किंवा मज्जारज्जूवरचा दाब ही नेहमीची कारणं. पॅरिसच्या जोसेफ बाबिन्स्कींनी १८९६ मध्ये हे लक्षण अगदी छोट्या टिपणात मांडलं. तान्ह्या बाळाचा अंगठा वर गेला तर घाबरू नये, तो मार्ग अजून पक्का व्हायचा असतो. खरी पंचाईत गुदगुल्या होऊन पाय ओढून घेणाऱ्यांची! त्यांच्या बाबतीत रेघ बाहेरच्या घोट्याखालून, पावलाच्या कडेने ओढतात.