घरांतील काचेची पेटी आणि माशांची निवड

घरांत मासे पाळण्याची हौस बहुधा मुलांपासून सुरू होते आणि तिची जबाबदारी लवकरच वडील माणसांच्या अंगावर येऊन पडते. वाढदिवसाच्या निमित्तानें एक वाटोळें काचेचें भांडें, मूठभर रंगीत खडे आणि दोन सोनेरी मासे घरीं येतात. पहिले दोन दिवस सारें घर त्या भांड्याभोंवतीं जमतें. तिसऱ्या दिवशीं पाणी गढूळ दिसूं लागतें. आठवडा संपण्यापूर्वींच एक मासा उताणा तरंगतो आणि त्यामागून दुसरा. मुलें रडतात, दुकानदारास बोल लागतो, आणि या घरास मासे लाभत नाहींत असा निर्णय होऊन भांडें माळ्यावर जातें. वस्तुतः येथें लाभण्या-न लाभण्याचा प्रश्नच नसतो. माशांची निवड डोळ्यांनीं झालेली असते. ती पाण्याच्या मापानें व्हावयास हवी होती.

मासा पाण्यांत नुसता राहत नाहीं. त्याच पाण्यांत तो श्वास घेतो, खातो आणि मलोत्सर्गही करतो. त्याच्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर पडतो. विष्ठा व उरलेलें खाद्य कुजून त्यांत आणखी भर पडते. हा अमोनिया माशास विषासारखा बाधतो. नदींत तो अफाट पाण्यांत विरून जातो. पेटींत त्यास जावयास जागा नसते. तेथें माशाच्या साहाय्यास येतात ते डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जंतु. पेटींतील वाळूवर व फिल्टरच्या स्पंजावर वाढणारे हे जंतु अमोनियाचें नायट्राइट आणि नायट्राइटचें नायट्रेट करतात. पहिलीं दोन्ही द्रव्यें थोड्या प्रमाणांतही घातक असतात. तिसरें त्या मानानें पुष्कळच सौम्य असून पाणवनस्पति तें शोषून घेतात व उरलेलें पाणी बदलतांना निघून जातें. परंतु या जंतूंची पुरेशी वाढ होण्यास सुमारें चार ते सहा आठवडे लागतात. नव्या पेटींतील पाणी स्फटिकासारखें निर्मळ दिसत असलें, तरी माशांच्या दृष्टीनें तें अद्याप कच्चेंच असतें.

जीवांच्या या परस्परावलंबनाची ओळख जुनी आहे. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें सुमारें १२ गॅलन पाण्याच्या भांड्यांत दोन सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पति ठेवली होती. वनस्पतीचीं कुजणारीं पानें पाणी बिघडवूं लागलीं, तेव्हां त्यानें तीं खाणाऱ्या गोगलगाई आंत सोडल्या, आणि पाणी पुन्हां स्वच्छ झालें. हा प्रयोग त्यानें १८५० सालीं प्रसिद्ध केला. पुढें १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं मत्स्यालय उघडण्यांत आलें. वॉरिंग्टनच्या काळीं जंतूंचें हें कार्य ठाऊक नव्हतें. तरी पेटी म्हणजे शोभेची वस्तु नसून एक लहानसा संसार आहे, हें त्याच्या प्रयोगावरून स्पष्ट झालें.

आतां मापाचा विचार. नवशिक्यानें दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी पेटी घ्यावी. तिचें आकारमान दोन घनफूट, म्हणजे सुमारें ५६ लिटर होतें. वाळूची व वरच्या मोकळ्या भागाची जागा वजा जातां प्रत्यक्ष पाणी सुमारें ४५ लिटर मावतें. याहून लहान भांडें सांभाळण्यास सोपें असेल, ही समजूत चुकीची आहे. पाणी जितकें थोडें, तितकें तें लवकर बिघडतें, लवकर तापतें आणि लवकर निवतें.

मासे घेतांना दुकानांत दिसणारी लांबी न पाहतां त्यांची पूर्ण वाढलेली लांबी विचारावी. येथें शाळेंतील घनमापनाचें गणित उपयोगी पडतें. आकार तोच राहून लांबी दुप्पट झाली, तर वजन आठपट होतें. अडीच सेंटिमीटरांचा सोनेरी मासा पंधरा सेंटिमीटरांचा झाला, म्हणजे लांबी सहापट आणि वजन सहाचा घन, म्हणजे २१६ पट झालें! त्याचें खाणें व घाण नेमकी त्याच प्रमाणांत वाढत नसली, तरी ४५ लिटर पाण्यास तो भार झेपत नाहीं. म्हणून सर्वांच्या परिचयाचा हा मासा लहान पेटीस मुळींच योग्य नव्हे. एंजल मासा उंचीनें पंधरा सेंटिमीटरांपर्यंत जातो. ऑस्कर तीस सेंटिमीटरांचा होतो. आणि 'काच साफ करतो' म्हणून हौसेनें आणलेला सकर त्याहूनही मोठा होतो. 'मिस केरळ' या नांवानें विकला जाणारा तांबड्या पट्ट्याचा देखणा मासा पश्चिम घाटाच्या दक्षिण भागांतील नद्यांतला. त्याच्या प्रजातीस २०१३ सालीं शास्त्रज्ञांनीं 'सह्याद्रिया' असें नांव दिलें. तो थव्यानें राहणारा असल्यामुळें त्यास मोठी पेटी लागते. शिवाय शौकिनांसाठीं नद्यांतून अतोनात पकडला गेल्यानें त्याची जात संकटांत आलेली आहे.

मग आणावें तरी काय? पहिला मान झेब्रा माशास द्यावा. निळसर पट्ट्यांचा हा चार-पांच सेंटिमीटरांचा चपळ मासा गंगा व ब्रह्मपुत्रा यांच्या प्रदेशांतील आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यानें गंगेच्या माशांवरील १८२२ सालच्या ग्रंथांत त्याचें वर्णन केलें. आणि आज तोच मासा जगभरच्या प्रयोगशाळांत मानवी रोगांच्या अभ्यासासाठीं पाळला जातो. तो काटक आहे, परंतु एकलकोंडा नाहीं. म्हणून निदान सहा एकत्र ठेवावे. दुसरा गप्पी. डासांच्या अळ्या खातो म्हणून नगरपालिकांचीं आरोग्यखातीं हाच मासा पाण्याच्या सांठ्यांत सोडतात. मात्र गप्पीची मादी अंडीं न घालतां दर महिन्यास पिलेंच देते, आणि एकदां नराशीं संग झाल्यावर पुढें कित्येक महिने तीं देत राहते. यासाठीं नवशिक्यानें केवळ नर आणावे. रंगही त्यांनाच अधिक असतात. तिसरा फायटर. यास कल्ल्यांखेरीज हवेंतील प्राणवायु घेणारें निराळें इंद्रिय असतें. त्यामुळें तो पेल्याएवढ्या पाण्यांतही तग धरतो. परंतु तग धरणें म्हणजे सुखानें जगणें नव्हे. त्यास निदान वीस लिटर पाणी द्यावें आणि एकटाच ठेवावा. दोन नर एकत्र आले कीं झुंज ठरलेली.

क्रमही महत्त्वाचा आहे. पेटी मांडून फिल्टर चालू करावा व मासे न सोडतांच रोज चिमूटभर खाद्य पाण्यांत टाकावें. ओळखीच्या घरीं निरोगी पेटी असेल, तर तिच्या फिल्टरचा जुना स्पंज मागून आणावा. त्यासोबत जंतूही येतात. चार ते सहा आठवड्यांनीं पाण्याची तपासणी करून अमोनिया व नायट्राइट उरलें नसल्याची खात्री पटल्यावर सहा झेब्रा सोडावे, आणि आणखी तीन आठवड्यांनीं चार-पांच गप्पी. येथेंच थांबावें. पुढें दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें. नळाचें पाणी एक दिवस उघड्या बादलींत ठेवल्यास त्यांतील क्लोरीन उडून जातो. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेंच घालावें. मुंबईच्या हवेंत पाणी तापविण्याची गरज क्वचितच पडते. पुण्यानाशिकाकडे मात्र हिवाळ्याच्या रात्रीं गप्पीसाठीं हीटर ठेवणें बरें.

दुकानांत मासा पाहतांना घाई करूं नये. पर मिटून कोपऱ्यांत बसलेला, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असलेला, किंवा वाळूवर अंग घासणारा मासा घेऊं नये. त्याच टाकींत मेलेला मासा दिसला, तर तेथील एकही घेऊं नये. घरीं आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटें पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, तिच्यांत पेटींतील पाणी थोडें थोडें मिसळावें, आणि मग मासाच तेवढा जाळीनें उचलून आंत सोडावा.

आणि नको झालेला मासा विहिरींत, तळ्यांत वा नदींत कधींही सोडूं नये. ही भूतदया नव्हे. दक्षिण अमेरिकेंतील सकर अशाच मार्गांनीं भारतांतील अनेक जलाशयांत शिरला आहे. तो तेथील माशांच्या अन्नांत वांटेकरी होतो आणि त्याच्या टणक कांट्यांनीं कोळ्यांचीं जाळीं फाटतात. असा मासा दुकानदारास परत द्यावा किंवा दुसऱ्या शौकिनास. म्हणूनच पेटी आणल्यावर पहिला महिना मुलांनीं रिकाम्या पाण्याकडे पाहत धीर धरणें हितावह आहे. त्या महिन्यांत वडील माणसांनीं त्यांच्याकडून पाणी तपासून घ्यावें व तारीखवार टिपून ठेवावें. अशा घरांतील पेटी माळ्यावर जाण्याची पाळी सहसा येत नाहीं.