चंद्रादित्यपूर आणि यादवराज्याचें मूळ

१. देवगिरीच्या यादवांचा मूळपुरुष दृढप्रहार. त्याच्या राजधानीचीं दोन नांवें आपणांस उपलब्ध आहेत. हेमाद्रीच्या चतुर्वर्गचिंतामणींतील व्रतखंडास जोडलेल्या राजप्रशस्तींत तिचें नांव श्रीनगर असें आहे. उलट यादवांच्या एका प्राचीन दानपत्रांत चंद्रादित्यपूर असें येतें. हें चंद्रादित्यपूर म्हणजे नाशिक जिल्ह्यांतील चांदवड असावें, असें डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं सुचविलें. पुढें अनेकांच्या लेखणींतून त्यांतील 'असावें' हा शब्द गळाला, आणि अनुमानास सिद्धांताची पदवी मिळाली. तेव्हां प्रस्तुत विषयाचीं साधनें एकत्र मांडून, त्यांपैकीं कोणतें काय सांगतें व काय सांगत नाहीं, हें पाहणें इष्ट आहे.

२. पहिली साक्ष दानपत्रांची. दुसऱ्या भिल्लमाचें संगमनेर येथील दानपत्र शके ९२२ (इ. स. १०००) मधील, व दुसऱ्या सेउणचंद्राचें वसईचें दानपत्र शके ९९१ (इ. स. १०६९) मधील. दोहोंतही या घराण्याची वंशावळ दिलेली आहे. या वेळीं हें घराणें स्वतंत्र नव्हतें. प्रथम राष्ट्रकूटांचें व नंतर कल्याणीच्या चालुक्यांचें तें मांडलिक होतें. मांडलिकास कूळ दाखवावें लागतें. म्हणून त्याचा ताम्रपट पूर्वजांचा पराक्रम, दानाचा हेतु आणि ग्रहीत्याचें गोत्र एवढेंच बोलतो.

३. दुसरी साक्ष हेमाद्रीची. महादेव व रामचंद्र या राजांच्या काळीं, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, यादव सार्वभौम झाले होते, व त्यांचा हा श्रीकरणाधिप त्यांच्या वैभवास साजेल असाच उगम सांगतो. सुबाहु नांवाच्या यादव सम्राटानें आपली पृथ्वी चार पुत्रांत वांटली व दुसरा पुत्र दृढप्रहार यास दक्षिण दिशा मिळाली, असें त्याचें म्हणणें. येथें राज्य हें वारशानें आलेलें आहे, कमाविलेलें नाहीं.

४. तिसरी साक्ष जैनांची. जिनप्रभसूरीचा विविधतीर्थकल्प इ. स. १३३३ च्या सुमारास पूर्ण झाला. देवगिरीचें राज्य त्यापूर्वींच, दुसऱ्या दशकांत, बुडालें होतें. म्हणजे ग्रंथकारास यादवांची भीड राहिली नव्हती. त्यांतील नासिक्यपुरकल्पांत दृढप्रहार हा सुबाहूचा नव्हे, वज्रकुमाराचा पुत्र आहे. द्वारका जळत असतां त्याच्या गर्भवती मातेचें रक्षण चंद्रप्रभ तीर्थंकराच्या आश्रयानें झालें. मुलगा वाढून शूर निघाला. चोरांनीं गुरें हांकून नेलीं तीं त्यानें एकट्यानें सोडवून आणिलीं. तेव्हां लोकांनीं त्यास 'तलार' हें पद दिलें. तलार म्हणजे नगररक्षक. कानडी मुलुखांतील 'तळवार' हा ग्रामरक्षक येथें सहज आठवतो.

५. ही कथा धर्ममाहात्म्यासाठीं रचिली आहे, हें उघड आहे. द्वारकेचा दाह व तीर्थंकराचा आश्रय यांस इतिहास म्हणतां येणार नाहीं. परंतु गुरें सोडविणारा राखणदार हा तपशील माहात्म्यास आवश्यक नव्हता, आणि राजकुळास तर तो भूषणावहही नव्हता. म्हणूनच त्यास वजन आहे. सातमाळ्याच्या डोंगररांगेंतून खानदेशाकडे उतरणाऱ्या वाटेवर ज्याची वस्ती, त्याचें धन म्हणजे गुरें, व त्याचें भय म्हणजे तीं हांकून नेणारा. जो रात्रीं जागतो त्यास लोक धान्याचा वांटा देतात; वांट्याचा हक्क होतो, आणि हक्काचें राज्य होतें. प्रशस्तीनें झांकलेली राज्याची ही पहिली पायरी तीर्थकल्पानें नकळत उघडी ठेविली आहे.

६. मात्र येथेंच सावध राहिलें पाहिजे. जिनप्रभसूरीचें चंद्रप्रभस्थान नाशिकचें आहे, चांदवडचें नव्हे. चांदवडच्या डोंगरांत जैन लेणें आहे व त्याचा संबंध चंद्रप्रभाशीं जोडला जातो. तेवढ्यावरून चंद्रप्रभ, चंद्रादित्य व चांदवड ही सांखळी जुळविण्याचा मोह होतो. ती नामसादृश्याची सांखळी आहे. तिचा प्रत्येक दुवा संभवनीय आहे. पण संभवनीय दुवे कितीही जोडले तरी त्यांतून पुरावा निर्माण होत नाहीं.

७. पुरावा कसा असतो, हें याच गांवचें नाणें दाखवितें. होळकरांच्या अमलांत येथील टांकसाळींत पडलेल्या रुपयांवर बादशहा शाह आलम याचें नांव असून टांकसाळीचें नांव फारसींत 'जाफराबाद उर्फ चांदोर' असें आहे. सरकारी नांव व लोकांच्या तोंडचें नांव एका 'उर्फ'नें बांधलें गेलें आहे. त्यामुळें दुसऱ्या एखाद्या जाफराबादेशीं त्याचा घोंटाळा होत नाहीं. चंद्रादित्यपुरास असाच एक 'उर्फ' हवा आहे. एखाद्या दानपत्रांतील सीमानिर्देश, एखाद्या मूर्तीच्या पीठावरील ओळ, किंवा पोथीची पुष्पिका यांपैकीं कांहींही त्यास पुरेल.

८. म्हणून संग्राहकांस विनंति आहे. चांदवडच्या आसमंतांतील पोथी, ताम्रपट किंवा नाणें हातीं आल्यास तें कोणत्या गांवीं, कोणत्या वस्तूंबरोबर मिळालें, याची नोंद त्याच दिवशीं करावी. स्थळापासून तोडलेली वस्तु निम्मी मुकी होते. तसेंच जुन्या दप्तरांतून सनदा व वंशावळी तेवढ्या वेंचून राखणीच्या, जकातीच्या व गुरचराईच्या याद्या रद्दींत टाकूं नयेत. सनद राज्य कोणास मिळालें तें सांगते. तें कशावर उभें होतें, हें त्या याद्या सांगतात. दृढप्रहाराची गोष्ट पाहतां दुसरी माहिती पहिलीपेक्षां दुर्मिळ आहे, आणि नष्टही तीच आधीं होते.